जोहोरचा पूल आणि बेचाळीस रकाने

सीमा ही मुळात माणसाच्या मनात असते. हे वाक्य मी आयुष्यभर सत्कार समारंभांत ऐकत आलो आणि दर वेळी, चहा येईपर्यंत, मान डोलावत आलो. सिंगापूर आणि मलेशियातलं जोहोर बारू यांच्यामधली सीमा मात्र वुडलँड्सला आहे. तिथे बसने जाता येतं. पासपोर्ट लागतो.

हे मला कळण्याचं कारण माझा भाचा मंदार. सिंगापूरला एका कारखान्यात तो इंजिनिअर आहे. त्याचा फोन आला, तोही ख्यालीखुशाली न विचारता. “मामा, तुमचं स्टॉपवॉच अजून चालतं का?”

चिंचवडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं टाइम स्टडी केला. म्हणजे कामगाराच्या मागे घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते लिहायचं. या कामात मित्र मिळत नाहीत, पण तुम्ही लिहिलेल्या आकड्यावर दोन्ही बाजू सही करतात. मंदारला अशीच सही हवी होती. दुसऱ्या बाजूला त्याची बायको होती, केतकी.

क्लेमेंटी

ही दोघं क्लेमेंटीला एका सरकारी इमारतीत नवव्या मजल्यावर भाड्याने राहतात. केतकी जवळच्या विद्यापीठात संशोधन करते; बसने सात मिनिटांत प्रयोगशाळेत पोचते. मंदारचा कारखाना बेटाच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सला. त्याच्या प्रवासाची मिनिटं तो मोजत नाही, कारण मोजली की चिडतो.

मी पोचलो तेव्हा केतकीला सहावा महिना होता. घरमालकीणबाईंचा मुलगा ऑस्ट्रेलियाहून परत येत होता, त्यामुळे दोन महिन्यांत फ्लॅट रिकामा करायचा होता. बाळंतपणाला सांगलीहून केतकीची आई येणार, म्हणजे नव्या घरात एक खोली जास्त हवी. शहरभर शोधून मंदारला उत्तर सापडलं ते शहराबाहेर. देशाबाहेरच म्हणायचं. “जोहोर बारू! पुलापलीकडे. तीन खोल्या, बाल्कनी, खाली पोहण्याचा तलाव. आणि माझा कारखाना पुलाच्या अलीकडे. आमच्याकडची अर्धी माणसं रोज तिथूनच येतात, मामा.”

“आणि मी?” केतकीने विचारलं. ती मेतकूट-भात कालवत होती आणि तिचा आवाज अगदी साधा होता. “मला रोज पूल, मग आख्खं बेट. ते एक वेळ जाऊ दे. पण मला कळा सुरू झाल्या आणि पूल तुंबलेला असला तर? हॉस्पिटल इकडे, मी तिकडे. जन्मस्थळाच्या जागी काय लिहायचं, बसचा नंबर?”

“नवी रेल्वे येतेय ना! पाच मिनिटांत पलीकडे.”

“बाळ त्याआधी येतंय.”

मंदारने उत्तरादाखल लॅपटॉप उघडला. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. क्लेमेंटी, सिंगापूरच्याच पूर्वेचं बेडोक, जोहोर अशा ओळी आणि बेचाळीस रकाने. चौरस फूट, उजेड, किराणा, डासांचा उपद्रव, भारतीय भाज्या, स्वयंपाकघराची दिशा. सगळ्या रकान्यांना गुण होते आणि गुणांना भारांक. जोहोर पुढे होतं. एकच रकाना रिकामा होता: ‘दारापासून दारापर्यंत, प्रत्यक्ष वेळ’. तो मी भरायचा होता. “मामा म्हणतील तो आकडा दोघांना मान्य,” असा करार माझ्या तिकिटाच्या आधीच झाला होता.

रविवारी जायचं ठरलं. शनिवारी केतकीने मला खालच्या हॉकर सेंटरला नेलं. हॉकर सेंटर म्हणजे छपराखाली मांडलेल्या पन्नासएक टपऱ्या, आणि प्रत्येक टपरीला स्वच्छतेचा शाळेसारखा ग्रेड. रिकाम्या टेबलावर मी बसणार तेवढ्यात तिने मला ओढलं. टेबलावर टिश्यूपेपरचं एक छोटं पाकीट होतं. म्हणजे टेबल धरलेलं आहे. माणूस तिकडे रांगेत उभा आहे आणि त्या पाकिटाला कुणीही हात लावणार नाही. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तोच हा कायदा. फरक एवढाच की आपल्याकडे रुमालाच्या मालकाला भांडताही यावं लागतं.

तिथे शेजारच्या टॅनआजी भेटल्या. सत्तरीच्या, केस बारीक कापलेले, हातात भाजीची ढकलगाडी. केतकीच्या पोटाकडे बघून त्यांनी मला सुनावलं, “तू मामा? या मुलीला लांब पाठवू नको. बेबी आलं की कोण बघणार? मी इथे आहे.”

“अजून ठरलं नाही, आंटी,” केतकी म्हणाली.

“ठरलं नाही तर मी कशाला विचारते? ठरल्यावर विचारून काय उपयोग, लाह!” ‘लाह’ हे तिकडचं ‘बरं का’; कुठल्याही वाक्याला लागतं.

बेचाळीस रकान्यांत टॅनआजी नव्हत्या. मी ते मनात टिपून ठेवलं. कागदावर टिपण्यासारखं एकक सापडलं नाही.

पुलापलीकडे

रविवारी दुपारी मी आणि मंदार निघालो. तो पुढे, मी मागे, हातात घड्याळ आणि क्लिपबोर्ड. टाइम स्टडीत माणसाच्या वेगाला गुण देतात: नेहमीच्या चालीला शंभर. आमच्या कारखान्यात घड्याळ दिसलं की कामगार सत्तरवर यायचे. मंदार दीडशेच्या वेगाने चालत होता. एस्कलेटरवरसुद्धा तो धावला.

“रोज असा पळणार आहेस का?”

“मी असाच चालतो, मामा.” त्याला धाप लागली होती.

वुडलँड्सच्या इमारतीत बसमधून उतरायचं, तपासणी, पुन्हा बस, पूल, पुन्हा उतरायचं, पुन्हा तपासणी. पूल जेमतेम एक किलोमीटरचा. पाणी आमच्या पवनेपेक्षा रुंद, पण भिण्यासारखं नाही. पलीकडच्या उंच इमारती इतक्या जवळ की वाळत घातलेले कपडे दिसावेत.

मी प्रत्येक टप्प्याची वेळ लिहीत होतो. एका रांगेत माझ्यापुढच्या माणसाला किती सेकंद लागतात ते टिपताना गणवेशातला एक जण शेजारी येऊन उभा राहिला. काय लिहिताय, त्याने नम्रपणे विचारलं. मी माझा व्यवसाय सांगितला. त्याने कागद बघितला, मला बघितलं, आणि तितक्याच नम्रपणे तो कागद पिशवीत ठेवायला सांगितला. तीस वर्षांत मला शिव्या मिळाल्या होत्या, एकदा कुणीतरी लोखंडी नटही फेकून मारला होता. पण इतक्या सभ्यपणे माझं काम कुणी थांबवलं नव्हतं. घड्याळ मात्र खिशात चालूच राहिलं.

जोहोर बारू हे शहर आपण दुसऱ्या क्रमांकाचे आहोत हे मनाला लावून न घेता जगतं. रस्ते मोठे, उन्हं मोठी, जेवणाची पानंही मोठी. केळीच्या पानावर भात, तीन भाज्या, रस्सम. वाढपी भात संपू देत नाही आणि पोट भरल्याची खूण म्हणून आपण पान दुमडलं की नाही यावर डोळा ठेवून असतो. निम्मं गिऱ्हाईक सिंगापूरचं होतं. शनिवार-रविवारी सिंगापूरकर इकडे खायला, केस कापायला, दात दाखवायला येतात. सोमवारी जोहोरकर तिकडे कामाला जातात.

मंदारच्या कारखान्यातली एक सेन्सरची डबी आहे. तिचं बाहेरचं कवच जोहोरला बनतं, आतलं सर्किट इंडोनेशियाच्या बाताम बेटावर, आणि तपासणी वुडलँड्सला. तीन देश, तीन शहरं, एक डबी. आमच्याकडे भोसरीत टर्निंग, चाकणला जोडणी आणि चिंचवडला बिलावरून भांडण, तसंच हे. फक्त डबीला कुणी विचारत नाही की किती दिवस राहणार.

घर दाखवायला एक एजंटबाई आल्या होत्या. आधी त्यांनी आम्हाला विक्री दालनात नेलं. एवढी थंड हवा मी फक्त शवागाराबाहेर अनुभवली आहे. मधोमध आख्ख्या प्रदेशाचा उठावाचा नकाशा: निळ्या काचेचा समुद्र, त्यावर तीन शहरं बारीक दिव्यांनी लुकलुकत होती. बाईंनी लाल किरण फिरवला. एक प्रदेश, अनेक केंद्रं, अखंड जीवन, असं बरंच काही त्या म्हणाल्या. आवाजात पूजा सांगतानाचा ठेहराव होता. पूल पांढऱ्या पट्टीचा होता आणि त्यावर एकही गाडी नव्हती.

“तपासणी नाके कुठे आहेत यात?” मी विचारलं.

बाईंनी लाल किरण बंद केला. “अंकल, स्केल लाह. इतकं लहान दाखवता येत नाही.”

घर मात्र खरंच चांगलं होतं. हे लिहिलं नाही तर मंदारवर अन्याय होईल. पूर्वेचा उजेड, वारा, आणि केतकीच्या आईसाठी वेगळी खोली, तिच्या खिडकीतून झाडं दिसत होती. मंदार त्या खोलीत हात मागे बांधून उभा राहिला. “आईंना सांगलीत अंगण आहे, मामा. क्लेमेंटीत मी त्यांना काय देणार? हॉलमध्ये गादी?” तो एक्सेलमधून बोलत नव्हता. मला पहिल्यांदा वाटलं, आकडा बरा यावा.

खाली आल्यावर त्याने दुसरी गोष्ट केली. फर्निचरच्या दुकानात शिरून आईंच्या खोलीसाठी एक लाकडी कपाट घेऊन टाकलं. भरीव लाकूड, दोन माणसं आत उभी राहतील एवढं. भिंतीचं माप त्याने फोनमध्ये टिपलेलं होतंच.

“घर ठरलं नाही आणि कपाट?”

“सवलत आजच संपतेय, मामा.”

जोहोरच्या पुलावर दोन देश येतात-जातात, पण सवलत कुठेही आजच संपते.

सोमवार, पहाट

खरी परीक्षा सोमवारी होती. आम्ही पुलाजवळच्या हॉटेलात राहिलो आणि पाच वाजता खाली आलो. तिथे लेच्चुमीअक्का वाट पाहत होत्या. मंदारच्या कारखान्यातल्या तपासणी विभागाच्या या मुकादम; जन्म जोहोरचा, मातृभाषा तमिळ, आणि वीस वर्षं रोज हा पूल. मंदारच्या तक्त्यातली जवळजवळ सगळी माहिती त्यांच्याकडून आलेली होती.

“अंकल, चालताना थांबायचं नाही,” त्यांनी मला पहिला नियम सांगितला. “चहा प्यायचा तर इथेच. पुढे बाथरूम आहे, पण तिथे गेलात तर तीन बस गेल्या समजा.”

आम्ही उभ्याउभ्या रोटी चनाय खाल्ली. पदर सुटलेला मऊ पराठा, डाळीत बुडवलेला. पोळीला एवढं तेल आमच्या घरी दिवाळीला लागतं. मग चालायला लागलो.

त्या गर्दीचं मला वर्णन करता येईल, पण तिला आवाज नव्हता हे आधी सांगायला हवं. हजारो माणसं, कुणी धक्का मारत नाही, कुणी ओरडत नाही, सगळे डोकं किंचित पुढे काढून एकाच चालीने. वरच्या काचेतून खाली मोटरसायकलींचा प्रवाह दिसत होता, रेनकोट उलटे घातलेल्या स्वारांचा. इथे टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरता येत नव्हती. मी वेगाला गुण देऊ लागलो आणि सोडून दिलं. सगळेच एकशेवीस होते. वीस वर्षं एकशेवीस.

“झोपता कधी?” मी अक्कांना विचारलं.

“बसमध्ये. रविवारी.” त्या हसल्या. “माझी मुलगी लहान होती तेव्हा मी निघताना ती झोपलेली, परत आले की झोपलेली. सात वर्षांची झाली तेव्हा एकदा म्हणाली, अम्मा, तू उभी असताना उंच दिसतेस.”

मंदारने हे ऐकलं. पहिल्यांदाच तो शंभरच्या चालीवर आला.

तपासणीच्या दालनात पोचलो आणि अक्का डावीकडे वळल्या, जिथे मलेशियन लोक काचेच्या दारांतून भराभर बाहेर पडत होते. “चला, चला!”

“आम्ही तिकडून, अक्का,” मंदारने उजवीकडची रांग दाखवली. “आमचे भारतीय पासपोर्ट.”

अक्का थांबल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच थांबल्या असाव्यात, कारण मागचा माणूस त्यांना धडकला. “राहायला आल्यावर पण तिकडूनच?”

“हो. व्हिसा लागतच नाही ना आता आम्हा भारतीयांना. येतानाच शिक्का मारून देतात.”

“तो शिक्का फिरायला आलेल्याचा, मंदार. महिनाभर फिरायचा. घर करून राहायला वेगळा पास लागतो. तो कुठाय तुझा?”

मंदारने हातातल्या पासपोर्टकडे बघितलं.

“मला वाटलं, तुझ्या कंपनीने, नाहीतर बायकोच्या विद्यापीठाने काहीतरी काढला असेल. तू इतकं विचारायचास: भाजी कुठे, डास किती. मला वाटलं, हे आधीच बघितलं असेल. तुझ्याकडे एक्सेल आहे!”

“तुम्ही सगळे राहता ना पण...”

“आम्ही मलेशियन आहोत, लाह,” अक्का शक्य तितक्या मायेने म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातातला पासपोर्ट घेऊन पानं चाळली. “आणि रोज जाताना एक शिक्का, येताना एक. ही पानं पोंगलपर्यंत पण पुरणार नाहीत. जाते मी. माझी बस.”

त्या काचेच्या दारातून गेल्या. आमची रांग दोन पावलं सरकली. मंदारने फोन काढला, एक्सेल उघडलं, डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत नेलं आणि परत आणलं. डासांच्या उपद्रवाला त्यात दोन रकाने होते, सकाळचा आणि संध्याकाळचा.

पुलावर आमची बस उभी राहिली ती राहिलीच. उजाडलं. मागे एक रुग्णवाहिका होती, दिवा फिरत होता, आणि तिला वाट करून द्यायची सगळ्यांची मनापासून इच्छा होती, जागा नव्हती. पाचेक मिनिटांनी शेजारची रांग कशीबशी दबली आणि ती निघाली. मी मंदारकडे बघितलं नाही. त्यानेही माझ्याकडे बघितलं नाही. जन्मस्थळाच्या जागी काय लिहायचं, हा प्रश्न आम्हा दोघांच्या मधल्या सीटवर बसला होता.

पलीकडे उतरल्यावर त्याने विचारलं, “किती झाले, मामा?”

मी घड्याळ बाहेर काढलं. ते रविवारी दुपारपासून चालूच होतं. खिशात ठेवलं तेव्हा बंद करायचं राहिलं, आणि पहाटे शून्य करायचंही. वाचन होतं अठरा तास काही मिनिटं. तीस वर्षांत माझ्याकडून ही चूक झाली नव्हती. मी तसं प्रामाणिकपणे सांगितलं.

“राहू दे,” मंदार म्हणाला. “तोच लिहू.”

पुन्हा क्लेमेंटी

संध्याकाळी मंदारने केतकीला सगळं सांगितलं. न सजवता, अक्कांच्या मुलीसकट. ती ऐकून घेत राहिली. मला भीती होती ती हसेल. ती हसली नाही.

“मला वाटलं, व्हिसाचं तू बघितलं असशील,” ती म्हणाली. “बेचाळीस रकाने होते.”

“तूही विचारलं नाहीस.”

“मी कशाला विचारू? मला जायचंच नव्हतं.” मग तिने सांगितलं, “आईच्या खोलीचा विचार मात्र मी केला नव्हता. तिला काय, हॉलमध्ये गादी चालेल, असंच धरून चालले होते. ते तू बघायला गेलास.”

मग तिने चहा ठेवला आणि पाठ आमच्याकडे असताना बातमी दिली. रविवारी आम्ही तो उठावाचा नकाशा बघत असताना टॅनआजींनी तिला सहाव्या मजल्यावर नेलं होतं. कोपऱ्यातला फ्लॅट, एक खोली जास्त. आजींची मैत्रीण मुलीकडे बेडोकला राहायला चालली होती आणि भाडेकरू ओळखीचा हवा होता. खोलीच्या खिडकीतून पर्जन्यवृक्षाचा शेंडा दिसतो. तिला उद्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं.

“कधी बघायचा?” मंदारने विचारलं.

“किल्ली आजींकडे आहे. चप्पल घाल.”

आम्ही खाली गेलो. मंदार त्या खोलीत हात मागे बांधून उभा राहिला, तसाच. मग त्याने खिडकी उघडली, झाड बघितलं, आणि टॅनआजींना मराठीत “छान” म्हणाला. आजींना ते कळलं.

मी पुढे तीन आठवडे तिथे होतो, त्यामुळे घर बदलताना हजर होतो. जुन्या दारापासून नव्या दारापर्यंत, लिफ्टची वाट बघण्यासकट, एक मिनिट चाळीस सेकंद. या वेळी घड्याळ नीट चालवलं आणि दोन्ही बाजूंनी सही केली. तेवढ्यासाठी मी चिंचवडहून गेलो होतो का, असं इथे कुणी विचारलं तर मी विषय बदलतो. आमच्या भागात जकात नाका होता त्या काळी पुण्याचे नातेवाईक चिंचवडला यायचे तर मुक्कामाची पिशवी घेऊन यायचे. तेव्हा मी त्यांना हसायचो.

जोहोरचं कपाट दुकानदार परत घेईना, म्हणून ते क्लेमेंटीलाच मागवलं. आईंची खोली तयार होती, भिंतीचं माप जुळत होतं. ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आलं. कागदपत्रं चोख होती. पुलावर त्याला कुणी काही विचारलं नाही, असं ड्रायव्हर म्हणाला.

लिफ्टमध्ये ते चार इंचांनी मावलं नाही.